जुनी कार्डं पुसावीत, धुवावीत की आहेत तशी ठेवावीत? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून, पत्र्याच्या ट्रंकांतून आणि बिस्किटांच्या डब्यांतून नाना तऱ्हेची कार्डं निघतात. रविवर्मा प्रेसची देवादिकांची पोस्टकार्डं, इंग्रजी सिगारेटच्या पाकिटांतली क्रिकेटपटूंची चित्रं, बबलगमबरोबर मिळालेली कार्डं, नव्वदच्या दशकातली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं, पोकेमॉन, आणि क्वचित गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एखादा डाव. ती हाती आली की पहिला हात ओल्या फडक्याकडे जातो. तो तिथेच थांबावा म्हणून ही प्रश्नोत्तरं.

एका वाक्यात सांगा, जुनं कार्ड साफ करावं का?

कार्डावर जे सुटं पडलेलं आहे ते कोरडंच काढावं. कागदात जे मुरलेलं आहे त्याला हात लावू नये.

धूळ, वाळू, काजळी, झुरळाची लेंडी, बबलगमची साखरेची पूड हे सगळं सुटं. चहाचा डाग, तांबूस ठिपके, पिवळेपणा, शाई, तेल हे मुरलेलं. मुरलेलं काढायचं तर पाणी, द्रावण किंवा घर्षण लागतं, आणि या तिन्हींत डागाबरोबर कागदही जातो.

साफसफाई आणि दुरुस्ती यांत नेमका फरक काय?

ब्रशने धूळ उडवली तर कार्डात काही कमी झालं नाही आणि काही वाढलंही नाही. फाटकी कड चिकटवली, उडालेला रंग भरला, गेलेला कोपरा नव्या लगद्याने बांधला, तर कार्डात नवं काहीतरी शिरलं. ती दुरुस्ती. ती चांगल्या हाताने झाली असेल तर वाईट नाही, पण लपवली तर ती फसवणूक होते.

कार्डांची स्थिती तपासून त्यांना गुण देणाऱ्या परदेशी संस्था याबाबत कडक आहेत. पीएसए ही अमेरिकी संस्था कड कापलेली, रंग भरलेला, दुरुस्ती केलेली किंवा द्रावणाने साफ केलेली कार्डं सापडली की त्यांना नेहमीचे गुण देत नाही. कडा पांढऱ्या दिसाव्यात म्हणून काही लावणं, किंवा मेण, तंबाखू आणि इतर डाग काढायला द्रावण वापरणं, हे दोन्ही त्यांच्या लेखी ‘साफसफाईचा पुरावा’ ठरतं. म्हणजे पिवळट पण अस्सल कार्डाला गुण मिळतात आणि पांढरंशुभ्र धुतलेलं कार्ड परत येतं.

ओल्या कापसाच्या बोळ्याने अगदी हलकेच पुसलं तर काय बिघडणार?

कार्ड म्हणजे एकसंध पुठ्ठा नसतो. कागदाचे थर खळीने एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि चकचकीत कार्डांवर चिनी मातीचा पातळ लेप असतो. हा लेप स्टार्च किंवा केसिनने धरून ठेवलेला असतो. पाणी लागलं की तीन गोष्टी होतात. कागदाचे धागे फुगतात आणि वाळल्यावर पूर्वीइतके सपाट बसत नाहीत, त्यामुळे तेवढाच भाग खरखरीत राहतो. लेप मऊ होऊन बोळ्याबरोबर निघतो आणि चकाकीत मंद चट्टा पडतो. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. पाणी कागदातला जुना मळ आणि पिवळेपणा विरघळवून ओलाव्याच्या कडेपर्यंत ढकलतं आणि तिथे तपकिरी रेघ उमटते. डाग होता चण्याएवढा, रेघ पडते रुपयाएवढी.

शिळाछापाची (लिथोग्राफीची) शाई तेलातली असल्याने ती पाण्याने सहसा जात नाही, आणि त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. पण पाठीवरचा रबरी शिक्का, टाकाची शाई, हाताने भरलेला रंग एका थेंबात पसरतात. थुंकीचं बोट तर लावूच नये.

मग घरी धूळ काढायची रीत कोणती?

साहित्य थोडंच लागतं : कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा रबरी ब्लोअर, बकरीच्या किंवा खारीच्या केसांचा रुंद मऊ ब्रश (रंगकामाचा चालेल, पण नवा हवा), दोन-चार टीपकागद, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. भिंग घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असतं तसलं घ्या.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मलम किंवा तेल लावलेलं नसावं. सुती हातमोज्यांनी बोटांची जाणीव कमी होते आणि कोपरे दुमडतात, म्हणून साध्या कार्डांना स्वच्छ उघडे हातच बरे; फोटो छापाच्या कार्डांना नायट्राइलचे हातमोजे घाला. पंखा बंद करा.

कार्ड टीपकागदावर ठेवून आधी भिंगातून पाहा. रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर ब्रश खाली ठेवा, तुमचं काम संपलं. तसं नसेल तर ब्लोअरने एका बाजूने तिरकी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार दिसत नाहीत पण पडतात. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी कार्ड मध्यभागी हलकं दाबून धरा आणि ब्रश मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेने न्या. कडेवरून आत ब्रश आणला की कोपऱ्याचे सुटे थर उचकटतात. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पाच-सहा फटकाऱ्यांत जे निघालं नाही ते ब्रशने निघणारही नाही.

माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या पट्ट्यातल्या घरांत बारीक वाळू असते. तिथे ब्लोअर आधी आणि ब्रश नंतर हा क्रम मोडू नका, नाहीतर वाळूचेच ओरखडे चित्रावर उमटतात.

खोडरबर चालतं का? जुने लोक ब्रेडने पुसायचे म्हणतात.

ब्रेड नको. त्यातला तेलाचा अंश आणि चुरा कागदात राहतो आणि कसर आणि झुरळं त्यावर येतात.

खोडरबराची बाब नाजूक आहे. गुलाबी, निळं, शाई खोडायचं रबर पूर्ण वर्ज्य, कारण त्यात कागद खरवडणारी बारीक पूड असते. पांढरं प्लास्टिकचं रबर चालतं, तेही फक्त लेप नसलेल्या कागदावर आणि फक्त पाठीवर किंवा कोऱ्या समासात. थेट घासू नका. जायफळाच्या बारीक किसणीवर रबर किसा, चिमूटभर कीस कार्डावर टाका, बोटाच्या टोकाने न दाबता गोल फिरवा, कीस काळा झाला की ब्रशने पूर्ण झटका. एकही कण राहू देऊ नका, रबराचे कण कालांतराने कागदाला चिकटतात. काजळीसाठी व्हल्कनाइज्ड रबरचा कोरडा स्पंज मिळतो. तो घासायचा नसतो, टेकवायचा आणि उचलायचा.

पेन्सिलीने पाठीवर लिहिलेलं नाव किंवा तारीख खोडू नका. एखाद्या पोराने १९५२ साली लिहिलेली तारीख हा त्या कार्डाच्या वयाचा पुरावा आहे. आणि सही असेल तर खोडरबर त्या टेबलावरसुद्धा नको. क्रिकेटपटू विजय हजारे सांगलीत जन्मले. त्यांच्या सहीचं कार्ड या भागात निघालं तर त्यावरची शाईच खरी ठेव आहे, आणि रबराचा एक फटकारा ती पुसट करतो.

रविवर्मा प्रेसचं पोस्टकार्ड देवघरात होतं. त्यावर हळदकुंकू आणि उदबत्तीची काजळी आहे. काढावी का?

सुटी पूड कोरड्या ब्रशने, कार्ड उभं धरून खाली पाडा. कार्ड आडवं ठेवून झटकलं तर हळद सगळ्या चित्रभर पसरते. बसलेला डाग राहू द्या.

हळदीच्या डागाला साबण किंवा खाण्याचा सोडा लावायचा मोह होतो. सांगलीत तर हळदीचं वेगळं सांगायला नको. लग्नातल्या सदऱ्यावरचा डाग साबण लागताच लाल होतो हे घरोघरी माहीत आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आणि कपड्यावर जे होतं तेच कागदावरही होतं. ऊन दाखवलं तर हळद उडते हे खरं, पण त्याच उन्हात चित्रातले गुलाबी आणि जांभळे रंगही उडतात आणि कागद पिवळा पडतो.

काही चित्रांवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून देवांना सजवलेलं असतं. ती सजावट मागाहून केलेली असली तरी काढू नका. घरातल्या बायकांनी हाताने केलेलं हे काम स्वतंत्रपणे मोलाचं आहे. पूजेतली खूणही त्या चित्राच्या आयुष्याचा भाग आहे असं आमचं मत आहे.

कंदी पेढ्याच्या डब्यात ठेवलेल्या कार्डांवर तुपाचे डाग आहेत.

ताजा डाग असेल तर दोन टीपकागदांत कार्ड ठेवा, वर काच आणि साधारण एक किलो वजन, आणि दर काही तासांनी टीपकागद बदला. जितकं शोषलं जाईल तितकं जाईल. इस्त्री फिरवू नका. उष्णतेने तूप पातळ होऊन आणखी खोल जातं. टाल्कम पावडर चित्राच्या बाजूला नको, ती रंगाच्या खळग्यांत पांढरी राहते. वर्षानुवर्षांचा पारदर्शक डाग आता कागदाचाच झालेला असतो.

अमेरिकी बबलगम कार्डांवर कधीकधी वेष्टनाचं मेण लागलेलं असतं. चकचकीत बाजूवरचं मेण पायात घालायच्या स्वच्छ नायलॉनच्या मोज्याने हलकं पुसून निघतं. लेप नसलेल्या पाठीवर मात्र ते मुरतं आणि निघत नाही.

पुराच्या पाण्यात कार्डं भिजली. काय करू?

हा प्रश्न सांगलीत पुस्तकी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी ‘काहीच करू नका’ हा सल्ला लागू होत नाही, इथे करावंच लागतं, आणि लवकर. भिजल्यापासून साधारण ४८ तासांत बुरशी धरते.

आधी स्वतःची काळजी. पुराच्या पाण्यात मैला असतो, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. हाताला जखम असेल तर दुसऱ्याला काम सांगा.

मग कार्डांचे दोन ढीग करा : चकचकीत आणि बिनचकाकीची. चकचकीत कार्डं एकावर एक ठेवलेली वाळली की मातीचा लेप डिंकासारखा धरतो आणि गठ्ठ्याची वीट होते. ती पुन्हा सुटत नाही. म्हणून चकचकीत गठ्ठा वाळू द्यायचा नाही. तो स्वच्छ थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून, पाणी आत शिरू देत, एकेक कार्ड सरकवत वेगळं करा. ओढू नका, तरंगू द्या. सगळी एका दिवसात होणार नसतील तर उरलेली बोटभर जाडीच्या गठ्ठ्यांत, मध्ये बेकरीतला बटर पेपर घालून, झिपच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. गोठली की घड्याळ थांबतं. आठवड्यांनंतर थोडीथोडी काढून वेगळी करता येतात. पुरात वीज जाते हे लक्षात घेऊन पिशव्या पाणी न आलेल्या भागातल्या नातेवाइकांकडे पोचवा.

बिनचकाकीच्या कार्डांवर गाळ असेल तर ओला गाळ चोळू नका. छापील कार्ड नायलॉनच्या जाळीवर आडवं धरून स्वच्छ पाण्यात काही सेकंद बुडवा, हलवा, वर काढा. सही असलेलं किंवा हाताने रंगवलेलं कार्ड बुडवायचं नाही. ते तसंच वाळवा आणि सुकलेला गाळ नंतर ब्रशने काढा.

वाळवताना टीपकागदावर एकेरी थर मांडा. पहिला टीपकागद तासाभरात बदला, पुढे दर दोन-तीन तासांनी. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, वारा फिरला पाहिजे, कार्डावर आदळता कामा नये. हेअर ड्रायर, ऊन, इस्त्री, तवा यांपैकी काहीही नको. वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि थर सुटतात. कार्ड हाताला ओलं लागत नाही पण अजून लवचिक आहे, अशा वेळी ते दोन कोऱ्या टीपकागदांत घालून वर काच आणि दोन-तीन किलो वजन ठेवा. पहिले तीन दिवस टीपकागद रोज बदला आणि एक आठवडा तसंच राहू द्या.

टीपकागद बाजारात मिळाला नाही तर कोरा, न छापलेला वर्तमानपत्री कागद चालतो. छापलेला नको, शाई उतरते.

पावसाळ्यात बुरशी आली आहे.

महाबळेश्वर, पाटण, जावळी या बाजूला हे दरवर्षीचं आहे. बोटाने न चोळता टोकदार ब्रशने एका कोपऱ्यात स्पर्श करून पाहा. चिखलासारखी ओढली गेली तर ती जिवंत आहे, पिठासारखी उडाली तर सुप्त आहे. जिवंत बुरशी झटकू नका, पसरेल. कार्ड आधी कोरड्या खोलीत, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात आठवडाभर ठेवा, पण जेलला कार्ड टेकू देऊ नका. पूड झाली की घराबाहेर, मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून ब्रशने काढा. डेटॉल, स्पिरिट, लिंबू, ब्लीच काहीही लावू नका. ब्लीचने ठिपका आज जातो, पण क्लोरीन कागदाचे धागे खातं आणि काही वर्षांत तो भाग पिवळा आणि ठिसूळ होतो. ठिपके राहतील. ती कार्डं महिनाभर बाकी संग्रहापासून वेगळी ठेवा.

लहानपणी वहीत चिकटवलेली कार्डं सोडवावीत का?

वही पूर्ण असेल तर नाही. मालिकेचा अस्सल अल्बम आणि त्यातली कार्डं मिळून एक वस्तू आहे. १९३० च्या दशकातल्या काही इंग्रजी सिगारेट कार्डांच्या पाठीला मुळातच डिंक होता, ती अल्बमात चिकटवण्यासाठीच होती.

सोडवायचीच असतील तर कार्ड नव्हे, वहीचं पान बळी द्या. कार्डाभोवती बोटभर समास ठेवून पान कापा, कार्ड काचेवर पालथं ठेवा आणि मागचं पान पापुद्र्यापापुद्र्याने, पान स्वतःवर दुमडत, सोला. शेवटचा पातळ थर राहू द्या. घरची कणकेची खळ पाण्याने सुटते, पण पाण्याने कार्डही सुटतं. फेव्हिकॉल वाळला की पाण्यात विरघळत नाही, फक्त फुगून पांढरा होतो; त्याच्या वाटेला जाऊ नका.

जुन्या मऊ प्लास्टिकच्या अल्बमात चिकटलेल्या कार्डांना हाच नियम : पाकीट तीन बाजूंनी कापून उघडा आणि कार्ड सपाट ठेवून प्लास्टिक मागे दुमडत न्या. वाकायचं ते प्लास्टिकने. चित्राची शाई प्लास्टिकवर उतरताना दिसली तर तिथेच थांबा.

फाटलंय, सेलोटेप लावू? की लॅमिनेशन करून घेऊ?

दोन्ही नको, कधीच नको.

सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो, वरची पट्टी गळून पडते, डाग कायमचा राहतो. आधीच लावलेली पट्टी ओढू नका, ती रंग घेऊन येते. लॅमिनेशनमध्ये गोंद उष्णतेने वितळून कागदात शिरतो. त्यानंतर ते कार्ड प्लास्टिकमधून जिवंत बाहेर काढणं घरी अशक्य आहे. आपल्याकडे प्रेमाने जपलेल्या वस्तूंचं सर्वांत जास्त नुकसान झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या यंत्राने केलं आहे. फाटलेलं कार्ड दोन्ही तुकड्यांसह पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. तुकडे आपोआप जागेवर राहतात.

वाकलेलं कार्ड सरळ होतं का? आणि घडी?

वाक जातो, घडी जात नाही. वाक हा ओलाव्याच्या फरकाने आलेला असतो. घडीत धागे तुटलेले असतात.

पोकेमॉनसारख्या चमकत्या कार्डांत पुढे धातूचा थर आणि मागे कागद असतो. पावसाळ्यात कागद ओलावा पिऊन पसरतो, धातू पसरत नाही, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला आत वळतं, उन्हाळ्यात उलट. अशा कार्डाला वाफ देऊ नका. कार्ड साध्या पाकिटात घालून, दोन टीपकागदांत, काचेखाली दोन किलो वजनाने, ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेच्या डब्यात दोन आठवडे ठेवा. ट्रम्प कार्डांसारख्या पातळ पुठ्ठ्याला एक आठवडा पुरतो.

ओलावा देऊन, दाबून घडी मिटवण्याला कार्डांच्या जगात फेरफार मानतात. शिवाय पुढच्या पावसाळ्यात ती घडी पुन्हा वर येते.

कडा पांढऱ्या पडल्यात. त्याच रंगाचं स्केचपेन लावलं तर?

रंग लावला की ते कार्ड रंगवलेलं कार्ड झालं. स्केचपेनची शाई धाग्यांतून आत झिरपते आणि पाठीमागून दिसते.

कडा कापण्याबाबत एक उदाहरण पुरे. १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकेत तंबाखूबरोबर आलेल्या मालिकेतलं होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं एक कार्ड जगातलं सर्वांत गाजलेलं कार्ड मानलं गेलं. पीएसएने त्याला १० पैकी ८ गुण दिले, २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकलं गेलं. २०१३ मध्ये एका लिलाव-व्यावसायिकाने न्यायालयात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. इतक्या तज्ज्ञांच्या नजरेतून ते सुटलं, म्हणून तर घेणाऱ्याने स्वतः मोजायला शिकावं.

विकत घेताना दुरुस्ती किंवा फेरफार कसा ओळखायचा?

पहिलं माप. व्हर्नियर कॅलिपरने लांबी-रुंदी तीन जागी मोजा. आजच्या प्रमाण कार्डाचं माप ६३.५ × ८८.९ मिलिमीटर, इंग्रजी सिगारेट कार्डाचं साधारण ३६ × ६८. पण छापखान्यातच कमीजास्त कापलेली कार्डं खूप असतात, आपल्याकडची ट्रम्प कार्डं तर विशेषच. म्हणून पुस्तकातल्या मापापेक्षा त्याच मालिकेतल्या दोन-चार स्वस्त कार्डांशी तुलना करा. एकच कड बाकी तिन्हींपेक्षा ताजी, धारदार आणि पांढरी दिसली तर शंका घ्या. जाडीही मोजा, जास्त दाबलेलं कार्ड पातळ भरतं.

दुसरं तिरका उजेड. अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरून कार्ड फिरवा. घडी, खरवडलेला भाग, पुसल्याने गेलेली चकाकी लगेच दिसते.

तिसरं भिंग. छपाईचा रंग ठिपक्यांचा किंवा शिळाछापाच्या कणांचा बनलेला असतो. मध्येच सलग, ठिपके नसलेला रंग दिसला तर तो हाताने भरला आहे.

चौथा अतिनील दिवा. दुकानात नोटा तपासायला असतो तो चालेल, ३६५ नॅनोमीटरची टॉर्च अधिक चांगली. कागद उजळवणारी रसायनं १९५० च्या सुमारास वापरात आली, म्हणून त्याआधीचं म्हणून विकलेलं कार्ड निळसर-पांढरं चमकत असेल तर ते नंतरचं तरी आहे किंवा धुतलेलं तरी. टिनोपॉलसारखं उजळवणारं रसायन असलेल्या, कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवलेला कागद या दिव्याखाली चमकतोच. दुरुस्तीचा गोंद आणि भरलेला रंगही आजूबाजूपेक्षा वेगळे दिसतात.

वासही घ्या. व्हिनेगर, स्पिरिट, अत्तर यांचा वास जुन्या कार्डाला नसतो.

ट्रम्प कार्डांच्या वयाचा एक सोपा धागा : डब्ल्यूडब्ल्यूएफचं नाव २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झालं.

कार्ड साफ करायचे स्प्रे मिळतात, ते?

आजच्या प्लास्टिकचा लेप असलेल्या कार्डावरचे बोटांचे ठसे चष्म्याच्या नव्या कोरड्या मायक्रोफायबर कापडाने निघतात, आधी ब्लोअरने धूळ काढली की झालं. त्यासाठी स्प्रे लागत नाही. कागदी जुन्या कार्डाला तो वापरू नये.

गंजिफाचे गोल पत्ते सापडलेत.

अभिनंदन, आणि कृपया ते एकमेकांवर घासू नका. दशावतारी डाव १२० पत्त्यांचा असतो, दहा अवतारांचे बारा-बारा. आधी मोजा आणि यादी करा. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडलेले, वर हाताने रंग आणि त्यावर लाखेचा लेप. पाण्याने खळ सुटते, स्पिरिटने लाख विरघळते आणि उष्णतेने ती मऊ होते. म्हणजे घरातला प्रत्येक उपाय या पत्त्यांना बाधतो, म्हणून एकही करू नये. फक्त मऊ ब्रश. प्रत्येक पत्त्यामध्ये आम्लरहित पातळ कागद ठेवा.

गुण देण्यासाठी परदेशी पाठवू का?

खर्च, विमा आणि जकात मिळून होणारी रक्कम आधी काढा. बहुतेक बबलगम आणि ट्रम्प कार्डांच्या किमतीपेक्षा ती जास्त भरते. दुसरं, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जुन्या चित्रपोस्टकार्डाबाबत किंवा गंजिफाबाबत पुरातत्त्व खात्याकडे विचारल्याशिवाय पाकीट बंद करू नका.

मग दुरुस्ती कधीच करायची नाही का?

करायची, जेव्हा न केल्याने वस्तू संपणार असेल. रंगाचे पापुद्रे गळत आहेत, फाट चित्राच्या मध्यापर्यंत चालली आहे, सेलोटेपचा गोंद शेजारच्या कार्डांना लागतो आहे, अशा वेळी. आणि ती वस्तू एकमेव असेल तर. जे कार्ड बाजारात चांगल्या स्थितीत मिळतं त्याची दुरुस्ती करण्यापेक्षा दुसरं घेणं स्वस्त पडतं.

काम कागद-संवर्धकाकडे द्या, फ्रेमवाल्याकडे नाही. संवर्धक जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो, कारण ती पुढे कधीही ओलाव्याने परत काढता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत. चौकशीची सुरुवात तिथून करा. देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि तिरक्या उजेडातले फोटो काढा, काय करणार ते लेखी घ्या, झाल्यावर पुन्हा फोटो घ्या. विकाल तेव्हा हे कागद कार्डाबरोबर द्या. ब्रशने धूळ काढली हे सांगायची गरज नाही; त्यापलीकडे जे काही केलं ते बिलावर लिहा.

ठेवायची कशी, म्हणजे साफ करायची वेळच येणार नाही?

आधी पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं पातळ पाकीट, मग हवं तर टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं कडक प्लास्टिकचं पाकीट. टॉपलोडर बहुधा पीव्हीसीचे असतात, म्हणून कार्ड थेट त्यात घालू नका. वास मारणारं मऊ प्लास्टिक टाळा. रबरबँड नको, तो कडा कापतो आणि वितळून चिकटतो.

डबा भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवू नका. पुराच्या पट्ट्यात असाल तर वरच्या मजल्यावर, मधल्या फळीवर ठेवा. माळ्यावर उन्हाळ्यात पत्र्याखाली कार्डं भाजून निघतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. ६५ च्या वर बुरशीला वाव मिळतो. साधा डिजिटल आर्द्रतामापक डब्यातच ठेवा.

डांबरगोळ्या नकोत. नॅप्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनच्या डब्या मऊ करते आणि वास कागदातून जात नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला, कापडात बांधून, कार्डांना न टेकता. ओल्या पानाचा डाग पडतो. वेखंडाची पुरचुंडीही तशीच. कसर लागल्याची शंका असेल तर कार्डं झिपच्या पिशवीत हवा काढून, दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव धरतं.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. जून लागायच्या आधी ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवून, पूर्ण थंड करून डब्यात घाला, आणि पाऊस संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी रंग पाहत राहा.